खाऱ्या पाण्याची टाकी : फिल्टर कोणता द्यावा आणि कसा सांभाळावा

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला येथे शोभेच्या माशांचा मोठा बाजार आहे. तालुक्याच्या गावीही आता फिशटँकचे एखादे तरी दुकान दिसते. आमच्या वाचकांपैकी कोणी मासे विकतात, कोणी काच कापून टाक्या चिकटवतात, तर कोणी त्यांचे लोखंडी स्टँड वेल्डिंग करून देतात. या सर्वांकडे हल्ली एक वेगळे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. गोल्डफिश आणि गप्पी पाळून त्याचे मन भरलेले असते. त्याला नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊनफिश हवा असतो. २००३ साली 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट आला तेव्हापासून लहान मुले या माशाला निमो म्हणूनच ओळखतात, आणि मुलाच्या हट्टापुढे बापाचे चालत नाही.

या गिऱ्हाइकाची पुढची कहाणी बहुतेक दुकानदारांना पाठ आहे. शनिवारी टाकी, मीठ, फिल्टर आणि चार मासे असा सगळा माल एकदम जातो. दुकानदार खूष होतो. दहाव्या दिवशी फोन येतो, "भाई, पाणी तर काचेसारखे स्वच्छ आहे, मग मासे मेले कसे?" दुकानदार दोन मासे कमी भावात देतो. तेही जातात. दीड महिन्याने टाकी गॅलरीत जाते आणि तीत जुन्या चपला पडतात. ते गिऱ्हाईक तर परत येत नाहीच, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगते की या फंदात पडू नका. एका दिवसाच्या विक्रीपायी पाच-दहा वर्षे चालणारे गिऱ्हाईक हातचे जाते आणि मुके जीव मरतात ते वेगळेच.

आमच्या मते यातील बहुतेक नुकसान फिल्टर म्हणजे काय हे नीट न समजल्यामुळे होते. म्हणून या खेपेस आम्ही त्याचीच माहिती देत आहोत.

पाणी स्वच्छ, तरीही विषारी

फिल्टर या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे गाळणी येते. पाण्यातला कचरा अडला की काम झाले, असे वाटते. परंतु मासा मरतो तो कचऱ्याने क्वचितच. माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो पाण्यात विरघळलेला असतो, त्याला रंग नसतो आणि कोणत्याही स्पंजात तो अडकत नाही. त्याचा नायनाट फक्त जिवाणू करतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राईट करतात. तेही विषच आहे. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे बरेच कमी घातक असते आणि थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. हे जिवाणू दगडावर, रेतीवर, सिरॅमिक रिंगवर, स्पंजच्या छिद्रांत चिकटून वाढतात. तेव्हा खरा फिल्टर तो. पंप आणि डबा ही त्याला पाणी आणि प्राणवायू पोचवणारी साधने होत.

गोड्या पाण्यातही हेच चक्र चालते. तरी गोल्डफिशवाल्याचे निभावून जाते आणि खाऱ्या पाण्यात निभावत नाही, याला कारणे आहेत. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो, आणि पीएच जितका वर तितका अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात राहतो. त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात प्राणवायू सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी मावतो. शिवाय समुद्री मासा पाणी पितो, गोड्या पाण्यातला मासा जवळजवळ पीतच नाही. त्यामुळे पाण्यात जे काही आहे ते समुद्री माशाच्या पोटातही जाते. आणि ज्या समुद्रातून तो आला तिथले पाणी दिवसेंदिवस बदलत नाही, त्यामुळे बदल सोसण्याची त्याला सवय नसते.

जिवाणूंची ही वस्ती नव्या टाकीत नसते. ती तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकीत खारे पाणी, दगड, रेती घालून पंप चालू करावा आणि कोलंबीचा लहान तुकडा किंवा रोज चिमूटभर खाद्य टाकावे. ते कुजून अमोनिया सुटतो आणि जिवाणूंना आहार मिळतो. चाचणीच्या किटने पाहत राहावे. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरतो आणि नायट्राईट चढते, शेवटी दोन्ही शून्यावर येतात आणि नायट्रेट दिसू लागते. ज्या दिवशी दोन्ही शून्य, त्या दिवसापासून मासा विकावा. काही दुकानदार या कामासाठी स्वस्तातले मासे आधी सोडायला सांगतात. जे काम कोलंबीच्या तुकड्याने होते, त्यासाठी जिवंत प्राण्याला विषात ठेवण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

दुकानदार म्हणेल, सहा आठवडे गिऱ्हाईक थांबेल काय? आमचे म्हणणे असे की, टाकी, मीठ, पंप, दगड, चाचणीचे किट हा माल आजच विकला जातो. मासे सहा आठवड्यांनी विकले जातात आणि ते जगतात. नाही थांबला तर तो फोन दहाव्या दिवशी येणारच आहे. मालाबरोबर ही अट स्पष्ट सांगणे हा व्यापारातल्या खरेपणाचाच भाग आहे.

कोणता फिल्टर?

बाजारात फिल्टरचे प्रकार अनेक. रेतीखाली जाळीची पट्टी आणि कोपऱ्यात हवेची नळी असा अंडरग्रॅव्हल फिल्टर एके काळी सर्वत्र चाले. तो स्वस्त आहे, पण सगळी घाण रेतीखाली ओढून तिथेच साठवतो, आणि वर्षभराने रेती उचलली की काळे पाणी निघते. खाऱ्या पाण्यासाठी तो आता देऊ नये. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर आजारी किंवा नव्या माशांच्या वेगळ्या टाकीसाठी उत्तम, पण मुख्य टाकीसाठी अपुरा. टाकीच्या काठावर लटकणारा हँगऑन फिल्टर लहान जागेत चालतो. कॅनिस्टर म्हणजे खाली ठेवण्याचा बंद डबा. दिसायला सुबक आणि आवाज न करणारा, पण त्यातला स्पंज दर पंधरा दिवसांनी आणि आतला गाळ दर महिन्याला काढला नाही तर तोच नायट्रेटचा कारखाना बनतो. महिना-महिना डबा न उघडणाऱ्या गिऱ्हाइकाला कॅनिस्टर विकणे म्हणजे तक्रार विकत घेणे होय.

आमची पसंती सम्पला आहे. सम्प म्हणजे मुख्य टाकीखाली स्टँडमध्ये ठेवलेली दुसरी, लहान टाकी. वरचे पाणी भोकातून खाली येते, कापडी पिशवीतून गाळले जाते, मग स्किमर, मग दगड किंवा रिंग, आणि शेवटी पंपाने पुन्हा वर जाते. यात पाण्याचा साठा वाढतो, सगळी साधने डोळ्याआड राहतात, हवेशी पाण्याचा संपर्क राहतो आणि साफसफाई वरच्या टाकीत हात न घालता होते. आणखी एक गोष्ट अशी की, सम्प परदेशी खोक्यातून आणावा लागत नाही. तो आपला काच कारागीर मापाप्रमाणे बनवून देऊ शकतो.

ज्याच्या घरी खाली जागाच नाही, त्याला हँगऑन फिल्टर आणि काठावर लटकणारा स्किमर द्यावा, दगड भरपूर ठेवावेत आणि मासे दोनच ठेवावेत.

नवशिक्याला लहान टाकी सोपी वाटते. ती उलट अवघड असते. ४० लिटरच्या टाकीत एक मासा मेला आणि दिवसभर दिसला नाही, तर रात्रीपर्यंत सगळे पाणी बिघडते. आम्ही ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच हे माप सुचवू. ती काठोकाठ भरली तर सुमारे १९० लिटर होतात, दगड-रेती आणि वरची मोकळी जागा सोडून खरे पाणी १५० लिटर धरावे. मीठ लिटरमागे ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरण्याला साडेपाच किलोच्या आसपास लागते. ते समुद्री टाकीसाठी तयार केलेलेच असावे, स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. किनाऱ्यावरून कॅन भरून आणलेले पाणीही नको. मुंबईच्या किनाऱ्याला गाळ आणि सांडपाणी असते, आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही उतरतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून आरओचे पाणी वापरावे. खारेपणा मोजणीच्या यंत्रावर १.०२४ ते १.०२६ आणि तापमान २५ ते २७ अंश, एवढे सांभाळावे.

पंपाच्या खोक्यावरचा आकडा

सम्पमधून ताशी टाकीच्या पाचपट पाणी फिरले तर पुरे, म्हणजे १५० लिटरला ७५० लिटर. गिऱ्हाईक ७५० लिटरचा पंप मागते आणि इथेच फसते. खोक्यावरचा आकडा पाणी मुळीच उंच चढवायचे नसताना मिळणाऱ्या प्रवाहाचा असतो. सम्पपासून टाकीच्या काठापर्यंत चार-साडेचार फूट चढ असतो, वाटेत दोन-तीन एल्बो असतात, आणि प्रवाह निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. खोक्यावर पाणी जास्तीत जास्त किती उंच चढते तेही छापलेले असते. ते अडीच मीटरच्या आसपास आणि प्रवाह १५०० ते २००० लिटर असा पंप घ्यावा. जास्त झाल्यास व्हॉल्व्हने कमी करता येतो. मुख्य टाकीच्या आत पाणी हलते ठेवण्यासाठी ताशी २००० लिटरच्या आसपासचा वेव्हमेकर वेगळा लावावा. दगडाच्या मागे पाणी साचून राहिले की तिथे गाळ बसतो.

स्किमर हे यंत्र गोड्या पाण्याच्या दुकानदाराला नवे असते. खाऱ्या पाण्यात हवेचे अतिशय बारीक बुडबुडे बनतात, गोड्या पाण्यात ते एकत्र येऊन मोठे होतात. पाण्यातली प्रथिने आणि चिकट द्रव्ये या बुडबुड्यांच्या कडेला चिकटतात, फेस होऊन नळकांड्यातून वर चढतात आणि पेल्यात पडतात. घाणीचा अमोनिया होण्याआधीच ती टाकीबाहेर जाते, हा याचा मोठा फायदा. पेल्यातले पाणी कडक चहासारखे काळपट असले तर स्किमर नीट चालला आहे. फिकट पाणी भराभर येत असेल तर आतली पातळी जास्त आहे, ती उतरवावी. नवा स्किमर पहिले काही दिवस धड फेस करत नाही किंवा एकदम उतू जातो. गिऱ्हाईक तो बिघडला म्हणून परत आणते, म्हणून विकतानाच हे सांगून ठेवावे. आणि १५० लिटरच्या टाकीला खोक्यावर २५०-३०० लिटर लिहिलेला स्किमर द्यावा, कारण हे आकडे बहुधा उदार मनाने छापलेले असतात.

कारागिरांसाठी

सम्प बनवणाऱ्याने सर्वांत आधी वीज गेल्यावर काय होईल याचा विचार करावा. पंप थांबला की वरचे पाणी भोकातून उतरत राहते, आणि पंपाची नळीही उलटी चालून सायफनने पाणी खाली खेचते. आमच्या मापाच्या टाकीत पातळी एक इंच उतरली की साडेदहा लिटर पाणी खाली येते. दोन इंच म्हणजे एकवीस लिटर, वर नळ्यांतले वेगळे. ही जागा सम्पमध्ये रिकामी नसेल तर ते सगळे पाणी घरमालकाच्या फरशीवर आणि खालच्या मजल्याच्या छतात जाते. सम्प अडीच फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच केला आणि चालू असताना पाणी ९ इंच ठेवले, तर वर सुमारे ३५ लिटरची जागा मोकळी राहते. ही जागा पुरते. वर जाणाऱ्या नळीला टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या अगदी खाली एक लहान भोक पाडावे, म्हणजे पातळी थोडी उतरताच हवा शिरून सायफन तुटतो. हे भोक महिन्यातून एकदा काडीने साफ करावे लागते, हेही सांगावे. टाकी देण्यापूर्वी साधे पाणी भरून, पंप चालवून, तीन-चार वेळा वीज बंद करून पाहावी. पट्टीने सम्पवर रेघ मारून द्यावी की चालू असताना पाणी याच्या वर जाऊ नये.

टफन्ड काचेला भोक पाडता येत नाही, ती फुटते. भोकाची काच साधी आणि १० मिमीची घ्यावी. सिलिकॉन टाकीसाठीचाच असावा, न्हाणीघरासाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारे औषध असते आणि ते माशालाही मारते. पितळेचा व्हॉल्व्ह, तांब्याची जोडणी, जस्ताचा मुलामा दिलेला पाईप, लोखंडी क्लिप यांपैकी काहीही खाऱ्या पाण्याला लागता कामा नये. तांबे अगदी थोडे विरघळले तरी शिंपले, कोलंबी यांसारखे जीव मरतात. सगळी जोडणी पीव्हीसीची करावी. स्टँडवर मिठाचे पाणी उडत राहते, त्यामुळे वेल्डिंगच्या जागा घासून प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्यावेत. पाणी, काच, दगड मिळून भार दोनशे किलोच्या वर जातो. विजेची वायर प्लगकडे जाताना खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळातून टपकते, प्लगात शिरत नाही. गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये.

आता दगडाविषयी. परदेशी पुस्तकांत समुद्रातून काढलेल्या जिवंत खडकाची शिफारस असते, आणि आपल्याकडे किनाऱ्यावरची प्रवाळे पोत्यातून विकायला येतात. ती घेऊ नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या घालण्यात आल्या. त्यांचा व्यापार गंभीर गुन्हा ठरतो. ज्याला हे ठाऊक नाही अशा लहान दुकानदाराचे दुकान एका पोत्यापायी बंद होऊ शकते. सच्छिद्र सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे बनवलेले दगड तेच काम करतात. सिमेंटचा दगड मात्र कित्येक आठवडे गोड्या पाण्यात, पाणी बदलत, भिजवावा लागतो, नाहीतर तो टाकीचा पीएच भलताच चढवतो. भट्टी असलेल्या कारागिराला यात नवे काम आहे. माशांच्या बाबतीतही पैदास केलेलेच क्लाऊनफिश घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. टाकीत जन्मलेला मासा समुद्रातून धरलेल्या माशापेक्षा लवकर रुळतो आणि दाणे खातो.

सांभाळ

फिल्टर लावणे सोपे, पण टाकी मोडते ती बहुधा साफसफाईच्या उत्साहात. घरातली मंडळी सुट्टीच्या दिवशी सगळा फिल्टर मोरीत नेतात, रिंगा आणि स्पंज नळाखाली चकचकीत धुतात आणि पुन्हा लावतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने सहा आठवड्यांची जिवाणूंची वस्ती पाच मिनिटांत मरते. तिसऱ्या दिवशी अमोनिया चढतो. रिंगा आणि दगड धुवायचेच असतील तर टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यात नुसते खळखळून घ्यावेत, आणि एका वेळी निम्म्यापेक्षा जास्त नाही. उरलेले निम्मे तीन-चार आठवड्यांनी. गाळण्याच्या कापडी पिशवीचे उलट आहे. ती तीन-चार दिवसांनी बदलावी, कारण तिच्यात अडकलेली घाण पाण्यातच कुजत असते. ती नळाखाली धुवून, वाळवून पुन्हा वापरावी, साबण लावू नये.

रोजचे काम म्हणजे पाण्याची पातळी पाहणे. पाणी उडून जाते पण मीठ मागेच राहते, म्हणून तूट भरताना गोडे आरओचे पाणीच घालावे. नवशिका हमखास इथे खारे पाणी घालतो आणि महिन्याभरात खारेपणा कुठल्या कुठे जातो. आठवड्याला १५ लिटर पाणी बदलावे. नवे पाणी मीठ घालून आदल्या दिवशीच तयार करून हवा सोडत ठेवावे. त्याच वेळी स्किमरचा पेला आणि त्याची मान पुसावी. मानेला तेलकट थर बसला की फेस वर चढत नाही. हवा ओढणाऱ्या बारीक नळीच्या तोंडाशी मीठ साचते, ते कोमट पाण्याने काढावे. कार्बन वापरत असल्यास महिन्याने बदलावा, कारण तो भरला की काम थांबवतो. दोन-तीन महिन्यांनी पंप उघडून त्याचा पंखा व्हिनेगर आणि पाण्यात भिजवावा, चुन्याचा थर सुटतो. पंप कुरकुरू लागला की तो मेला असे समजून नवा विकणारे दुकानदार आहेत. बहुतेक वेळा एवढी आंघोळच त्याला पुरते.

आपल्याकडे वीज जाते, हे धरूनच चालावे. पंप थांबला की प्राणवायू संपू लागतो आणि जिवाणू व मासे दोघेही त्याच प्राणवायूवर जगत असतात. बॅटरीवरचा हवेचा पंप प्रत्येक खाऱ्या टाकीसोबत द्यावा. इन्व्हर्टर असल्यास त्यावर वेव्हमेकर जोडावा, त्याला वीज फार थोडी लागते. वीज नसताना खाद्य घालू नये. कॅनिस्टर काही तास बंद राहिला तर आतले पाणी प्राणवायूविना कुजते. वीज येताच तो तसाच चालू केला तर ते सगळे विष एकदम टाकीत येते. म्हणून आधी उघडून आतले पाणी फेकावे, रिंगा टाकीच्या पाण्यात खळखळून घ्याव्यात, मग चालवावा.

चाचणी पहिले तीन महिने दर आठवड्याला करावी. अमोनिया आणि नायट्राईट शून्य, नायट्रेट २० च्या आत. पहिल्या दोन क्लाऊनफिशनंतर तिसरा मासा किमान तीन-चार आठवड्यांनी घालावा, कारण जिवाणू जेवढे खाद्य मिळते तेवढेच वाढतात आणि नव्या माशाचा भार पेलायला त्यांना वेळ लागतो. दुकानदाराने यासाठी एक साधी वही ठेवावी. गिऱ्हाइकाचे नाव, टाकी कधी भरली, चाचणीचे आकडे काय आले, कोणता मासा कधी दिला, एवढे तीत लिहावे. दुसऱ्यांदा मासा मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला सोबत बाटलीभर टाकीचे पाणी आणायला सांगावे, आणि आकडे बरोबर असतील तरच मासा द्यावा.